हौसाबाईंची नथ

आमच्या घरात आम्ही तिघं राहायचो, अण्णा, आई आणि मी, आणि आमच्याबरोबर परक्या घरची सहा मेलेली माणसं. बारामतीत इंदापूर रस्त्याला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अण्णांचे रंगाचे डबे, ब्रश आणि अर्धवट पाट्या. मागच्या खोलीत चूल, कॉट, आणि कॉटमागं भिंतीला टेकवून ठेवलेले ते सहा जण. अण्णांनी त्यांची चित्रं काढली होती आणि त्यांच्या मुलासुनांनी ती परत पाठवली होती. पणदऱ्याचे एक तात्या होते, पानानं तांबडे झालेले दात दाखवत हसणारे. त्यांच्या मुलांचं म्हणणं असं की आमचे तात्या हसायचे हे खरं, पण हार घालायच्या फोटोत कुणी हसतं का? अंथुर्ण्याची एक बाई होती, तिची एका डोळ्याची पापणी खाली उतरलेली. एक पैलवान होता, म्हातारपणी वाळून गेलेला. घरच्यांना तो तिशीतला हवा होता. आई सकाळी झाडताना त्यांच्याशी बोलायची. "सरका तात्या," म्हणायची आणि तात्यांना उचलून कॉटवर ठेवायची. दिवसभर वर्कशॉपमधून घणाचे आवाज यायचे, आणि आईच्या फोडणीत टर्पेंटाइनचा वास मिसळायचा. मला अजूनही लसणाची फोडणी त्या वासाशिवाय अपुरी वाटते. हे सुनेला सांगितलं तर ती माझ्याकडं काळजीनं बघते.

अण्णा पाट्या रंगवायचे. किराणा दुकानाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॉलीच्या मागं मोर आणि मालकाच्या पोरांची नावं. हात असा की पट्टी न लावता ओळ सरळ जायची. पण हे सगळं त्यांच्या लेखी पोटाचं काम. तरुणपणी ते नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली होते आणि तिथं त्यांना माणसाच्या तोंडाचं वेड लागलं. तालुक्यात कुणी गेलं, की वर्षश्राद्धाला मोठं चित्र करून घ्यायची तेव्हा रीत होती. दहा ते बारा कीर्तन, बरोबर बाराला चित्रावर फुलं टाकायची, मग जेवणं. ते चित्र काढायचं काम आलं की अण्णा वेगळेच माणूस व्हायचे. विडी विसरायचे, जेवण विसरायचे, हाक मारली तर ओ द्यायचे पण येत नसत.

त्यांची कामाची पद्धत विचित्र होती आणि लोकांना ती पटत नसे. घरचे एखादा जुना फोटो घेऊन यायचे, बहुतेक वेळा लग्नाच्या घोळक्यातला, त्यात ते तोंड करंगळीच्या नखाएवढं. "एवढा मोठा करून द्या" म्हणायचे. अण्णा फोटो ठेवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या गावाला जायचे. तिथं मेलेला माणूस जिथं बसायचा तिथं जाऊन बसायचे. त्याचं धोतर, त्याची काठी बघायला मागायचे. शेजाऱ्यांना विचारायचे, बोलताना मान कुठल्या बाजूला कलायची, राग आला की आधी काय हलायचं, ओठ की नाकपुड्या. दोन-दोन, तीन-तीन खेपा घालायचे. घरच्यांना वाटायचं, हा पेंटर आहे की पोलीस. आणि एवढं करून चित्र आणायचे ते इतकं त्या माणसाचं असायचं, की घरातली माणसं ते पाहून आधी दचकायची, मग डोळे पुसायची, आणि मग तासाभरानं म्हणायची, "चांगलं हाय, पण जरा गोरं करा."

मला या वाक्याचा आजही संताप येतो. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा अण्णांचाही तेवढाच संताप यायचा. लोक काय मागत होते? दोन दात झाका, पापणी उचला, रंग उजळ करा. पाच मिनिटांचं काम. अण्णा म्हणायचे, "मग तो दुसरा कुणी होईल की. त्येचं श्राद्ध घालायचं कशाला?" मी म्हणायचे, अण्णा, भिंत त्यांची आहे. ते गप्प बसायचे आणि त्यांचं गप्प बसणं मला आणखी डिवचायचं. मी सतरा-अठरा वर्षांची होते, ब्रश हातात धरायला त्यांच्याकडूनच शिकले होते, आणि माझा बाप चारचौघांसारखा का वागत नाही या विचारानं धुमसत असायचे.

शेळगावच्या हौसाबाईंचं काम आलं तेव्हा सहावं चित्र नुकतंच परत आलं होतं. घर मोठं, उसाचं, गावात शब्दाला मान. थोरला मुलगा बापूराव स्वतः जीप घेऊन आला. आई गेली त्याला आठ महिने झाले होते. तिचा एकच फोटो होता आणि त्यात फ्लॅशच्या उजेडानं तिचं तोंड पांढरं भगभगीत पडलेलं. अण्णा शेळगावला गेले, ओट्यावर बसले, आणि घरच्या पुरुषांना विचारून विचारून दमले. आई कशी दिसायची हे एकाही मुलाला सांगता येईना. "आईसारखी दिसायची" म्हणायचे. शेवटी धाकटी सून, कमलकाकी, दाराआडून बोलली. सासूच्या डोक्याला रोज तेल तीच लावायची. तिनं स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून दाखवलं, कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके, मधला जरा मोठा. हनुवटीवर एक. आणि दोन्ही गालांवर देवीचे वण, डाव्या गालावर दाट, कारण लहानपणी देवी आल्या तेव्हा ती त्या कुशीवर निजायची. अण्णा तीन वेळा गेले. तिसऱ्या खेपेला पेन्सिलनं काढलेलं तोंड घेऊन गेले. कमलकाकीनं ते पाहिलं, पदर तोंडाशी नेला आणि एवढंच म्हणाली, "आत्याबाईच. आता ह्येच्यातलं काय काढू नका."

रंगवायला दीड महिना लागला. मी त्यांची पुष्कळ चित्रं पाहिली, पण असं दुसरं नाही. वण त्यांनी एकेक करून रंगवले होते, प्रत्येकाला सावलीची कड आणि उजेडाची कड, आणि तरी ते तोंड कुरूप दिसत नव्हतं. उन्हातान्हात वापरलेलं, पुष्कळ लोकांना वाढून झालेलं तोंड होतं ते. आईनं भाकरी थापता थापता वळून पाहिलं आणि म्हणाली, ही आपल्याकडं परत आली तर मला आवडेल. आईनं हे हसत म्हटलं होतं. अण्णा हसले नाहीत. ब्रश पुसत म्हणाले, "ही परत आली, तर माणूस काढणं बंद. पाट्या रंगवीन." अण्णा शपथाबिपथा घेणाऱ्यांतले नव्हते. म्हणूनच मी घाबरले. पाट्या रंगवून घरी आलेले अण्णा आणि चित्रावरून उठलेले अण्णा, दोन्ही मी पाहिले होते. पहिले अण्णा आमच्याशी नीट बोलायचे, जेवायचे, पण ते अर्धेच घरी आलेले असायचे.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात अण्णा इंदापूरला एका शाळेच्या भिंती रंगवायला गेले. मुक्काम तिकडंच. ठरलं असं की आम्ही चित्र घेऊन बारामतीकडून जायचं आणि त्यांनी परस्पर इंदापूरकडून शेळगावला यायचं. ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बापूराव आला. बाजाराला आलोच होतो, बघून जातो म्हणाला. मी चित्रावरचं फडकं काढलं. तो बराच वेळ उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाला, "पोरी, आईच हाय. पण पाव्हणेरावळे येणार, कारखान्याची मंडळी येणार. त्येंच्या म्होरं आईचं तोंड असं ठेवायचं व्हय? वण तेवढे काढायला सांग. गोंदण बी. आन् नथ घालायला सांग. आईनं कधी नथ घातली न्हाय, आता तरी घालूद्या." आणि जाता जाता म्हणाला, जमत नसलं तर राहू दे, आम्ही पुण्याहून करून घेऊ.

त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. मला फक्त एवढंच ऐकू आलं, की चित्र परत येणार. निरोप इंदापूरला धाडला असता तर अण्णांचं उत्तर मला ठाऊक होतं. दुपारी आई पलीकडं शेंगा फोडायला गेली तेव्हा मी पुढच्या खोलीची कडी लावली. पांढरा घेतला, पिवळा, थोडा तांबडा. लवकर वाळावा म्हणून टर्पेंटाइन भरपूर ओतलं. आधी हनुवटीवरचा ठिपका. तो एका फटकाऱ्यात गेला आणि मला वाटलं, एवढं सोपं होतं तर. मग कपाळ. मग गाल, आधी उजवा, मग डावा. डाव्या गालाला वेळ लागला. हौसाबाई गोऱ्या होत गेल्या, गुळगुळीत होत गेल्या, आणि कुणाच्या तरी लग्नात पाहिलेल्या बाईसारख्या दिसायला लागल्या. शेवटी नथ. तेलरंगाला चमक येईना, म्हणून पाट्यांची अक्षरं काढायचा सोनेरी इनॅमल घेतला आणि सात मोत्यांची नथ काढली. नथ चांगली झाली. खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान वाटला.

शेळगावला मंडपात माणूस मावत नव्हता. चित्र पुढं खुर्चीवर, पांढऱ्या कापडानं झाकलेलं. ते मी घरीच बांधून ठेवलं होतं, आईनंही पुन्हा पाहिलं नव्हतं. मी बायकांत बसले होते आणि अण्णा पुरुषांत, इंदापूरच्या भिंतीचा निळा रंग मनगटाला तसाच. सगळ्यांना फुलं वाटली होती. कीर्तन बाराला पाच कमी असताना संपलं, आणि ठोक्याला बापूरावानं कापड ओढलं. मंडपातून एकच आवाज उठला, समाधानाचा. फुलं पडायला लागली. सगळे हात वर झाले, अण्णांचा झाला नाही. ते उभे होते, मूठ मिटलेली, आणि त्यांची नजर चित्रावरून हळूहळू बायकांच्या बाजूला आली. मी मान खाली घातली.

मग सत्कार. टॉवेल, टोपी, नारळ. असं कधी त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. बापूरावानं त्यांना पुढं ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी तरी म्हणालं, पेंटर, दोन शब्द बोला. अण्णांनी टोपी हातात धरली आणि स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्ये माझं न्हाय. ह्ये मी काढल्यालं न्हाय."

मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात कीर्तनकार महाराजांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात विनय. मी केलं असं म्हणत न्हाई. करून घेणारा तो वर हाय." आणि लोकांनी मघापेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं. "आवो, खरंच..." म्हणाले. पण तोवर ते खांद्याखांद्यांवरून जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचवले गेले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना जे दाखवलं ते लोकांनी पाहिलं नाही, आणि त्या दिवशी जे सांगितलं तेही ऐकलं नाही. आज हे लिहितानाही मला राग येतो, आणि तो राग कुणावर करायचा हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पंगतीत कमलकाकी खीर वाढत होती. अण्णांच्या पानापाशी ती थांबली. हळू आवाजात बोलली, पण मी पलीकडच्या रांगेत होते, मला ऐकू आलं. "तुमास्नी येवढं बोट लावून दावलं हुतं, अण्णा. तुमी पण त्येंच्यातलंच निघाला." अण्णांनी मान वर केली. माझ्याकडं बोट दाखवणं त्यांना किती सोपं होतं. त्यांनी पानाकडं बघितलं आणि म्हणाले, "खीर बास." ती पुढं गेली.

परतीच्या एसटीत आई पुढं बसली होती, मी आणि अण्णा मागं. नारळ त्यांच्या मांडीवर. मी वाट बघत होते की ते ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. भवानीनगर मागं पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "टर्पेंटाइन किती घातलंस?" मी म्हणाले, निम्मं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लई पातळ झालं. टिकायचं न्हाय." त्या चित्राबद्दल ते माझ्याशी जन्मात एवढंच बोलले.

चित्र परत आलं नाही, आणि माणूस काढणं मात्र बंद झालं. तशी शेळगावची कीर्ती पसरली होती. बारामतीपासून इंदापूरपर्यंत लोक यायचे, "हौसाबाईसारखं करून द्या" म्हणायचे. अण्णा ब्रशनं माझ्याकडं दाखवायचे. "ते काम पोरगी करती." लोक त्यांना शिष्ट म्हणायला लागले, एका चित्रानं डोक्यात हवा गेली म्हणाले. मी कामं घेतली. मी लोकांना गोरं केलं, दात सरळ केले, ज्यांना आयुष्यात कोट मिळाला नाही त्यांना कोट घातले. माझं एकही चित्र कधी परत आलं नाही. या हातावर माझा संसार झाला, पोरांची शिक्षणं झाली, आणि रस्त्यात लोक मला थांबवून म्हणतात, बाई, आमचे आबा हुबेहूब काढलेत बघा. आबांना मी पाहिलेलंही नसतं, आणि त्यांचा फोटोही मी नीट पाहिलेला नसतो. अण्णा पाट्या रंगवत राहिले. मग फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. ते गेले तेव्हा त्यांचं चित्र मी काढायला बसले आणि मला ते येईना. बोलताना त्यांची मान कुठल्या बाजूला कलायची, हे मला आठवत नव्हतं. भिंतीवर त्यांचा आधार कार्डाचा फोटो मोठा करून लावला आहे.

गेल्या वर्षी शेळगावहून फोन आला, बापूरावाच्या नातवाचा. बापूराव जाऊनही बरीच वर्षं झाली. पोरगा म्हणाला, पणजीच्या फोटोवर डाग पडलेत, ओल लागली असेल, येऊन साफ करून द्या. मी गेले. जुनं घर पाडून बंगला झाला होता. चित्र हॉलमधून काढून जिन्याखाली ठेवलेलं. मी चष्मा पुसून जवळ वाकले. कपाळावर तीन निळसर ठिपके होते, मधला जरा मोठा. हनुवटीवर एक. आणि डाव्या गालावर, माझ्या पांढऱ्या-पिवळ्या रंगाखालून, एकेक करून वण वर येत होते. माझा रंग पातळ होत होत काचेसारखा झाला होता. मी जिन्याखालीच बसून राहिले. पोरानं पाणी आणलं. म्हणाला, एवढं खराब झालंय का?

कमलकाकी आतल्या खोलीत पलंगावर होती. दिसायचं कमी झालं होतं, कान शाबूत. मी तिला सगळं सांगितलं. कडी लावली ते, नथीसाठी इनॅमल घेतला ते. ती म्हणाली, डोळे चांगले होते तेव्हाच तिला कपाळावरचा पहिला ठिपका दिसला होता, कुणाला बोलली नाही, बोलली असती तर पुसून घेतला असता. आणि मग तिनं विचारलं, "येवढी वर्सं मी त्या माणसाला दोस लावला. त्येंनी तवाच का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं की, काकी," मी म्हणाले. "समद्या मंडपाम्होरं सांगितलं."

तिला आठवलं असावं. तिनं माझा हात धरला आणि मग सोडला.

बाहेर पोरगा खोळंबला होता. त्याला मी सांगितलं की हे डाग नाहीत, ही तुझी पणजी आहे. त्यानं आदरानं ऐकून घेतलं. मग मोबाइल दाखवला. डाग पडायच्या आधी काढलेला चित्राचा फोटो त्याच्याकडं होता, तो त्यानं आणखी गोरा करून, मागं फुलं टाकून, छापायला दिलाही होता. हॉलमध्ये तोच लागणार होता. "हे तुम्ही घेऊन जा, बाई," म्हणाला. "हितं नुसतं धूळ खातंय."

तेव्हा परत यायचं राहिलेलं ते चित्र आता माझ्या घरी आहे. आई असती तर तिनं हौसाबाईंना जागा करून दिली असती. वण महिन्यामहिन्याला स्पष्ट होत आहेत, त्यांना माझी मदत लागत नाही. नथ मात्र जात नाही. इनॅमल आहे, दगडासारखा बसलाय. कापसाला टर्पेंटाइन लावून मी चार वेळा घासून पाहिलं. पाचव्यांदा ब्लेड घेतलं, तर कडेला मोत्याबरोबर अण्णांच्या हातचा रंगही निघायला लागला. मी ब्लेड ठेवून दिलं.

येणाजाणारे चित्रापुढं थांबतात. बाईचं तोंड बघून जरा बिचकतात. मग म्हणतात, नथ काय सुरेख काढलीय हो.